खोडाखोडीतून आलेले प्राणी

रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘पूरबी’ या काव्यसंग्रहाच्या हस्तलिखिताचे हे पान आहे. नको असलेला शब्द कवी नुसता खोडत नाही. त्यावर शाई गडद करत नेतो, एका खोडीचे टोक दुसरीला जोडतो, आणि ओळींच्या मधून चोच, नखे, वाकलेली पाठ असा एखादा अनामिक प्राणी डोके वर काढतो. 1924 साली अर्जेंटिनातील मुक्कामात तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ही खोडाखोड पाहिली. 1930 साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, ते ओकाम्पो यांच्याच खटपटीमुळे. पुढे इतर देशांतही प्रदर्शने झाली आणि चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग 1913 पासून स्वतःवर जो प्रयोग करत होते, त्याची रीत या पानाच्या फार जवळची आहे. मनात उमटलेल्या प्रतिमेला हुसकावायचे नाही, तिच्यावर अर्थही लादायचा नाही. ती वाढेल तशी वाढू द्यायची आणि कागदावर उतरवायची. रवींद्रनाथांनीही आपल्या चित्रांना सहसा नावे दिली नाहीत. म्हणूनच युंगच्या परिभाषेत रोखून पाहणाऱ्या या लांबट स्त्रीमुखाला ‘अ‍ॅनिमा’ (पुरुषाच्या मनात दडलेली स्त्रीप्रतिमा) आणि या दातेरी श्वापदाला ‘छाया’ (स्वतःतला नाकारलेला भाग) म्हणून मोकळे होणे आम्हाला उतावळेपणाचे वाटते. नेणिवेचा, म्हणजे जाणिवेबाहेरच्या मनाचा, माग घ्यायचा असेल, तर तो अशा आदिबंधांच्या (सर्व माणसांच्या मनांत समान असलेल्या मूळ प्रतिमांच्या) यादीत नव्हे, शाई कशी सरकत गेली यात घ्यावा लागेल.

आता चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा हा बिंदू पाहा. काळे वर्तुळ, भोवती करडी वलये. युंगचा वाचक लगेच ‘मंडल’ म्हणेल, म्हणजे मनाच्या पूर्णत्वाची खूण असलेली वर्तुळाकृती. (रझांचे बालपण मंडला जिल्ह्यात गेले, हा निव्वळ नावाचा योगायोग.) पण 1980 च्या सुमारास रझांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आलेला हा बिंदू त्यांनी भारतीय तत्त्वविचारातून जाणीवपूर्वक उचलला होता, त्यामुळे त्याला थेट नेणिवेची खूण म्हणणे कठीण आहे. तरीही एक गोष्ट उरते: चंचल मुलाचे मन एकाग्र व्हावे म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला होता, अशी आठवण रझा सांगत. तो ठिपका फ्रान्समध्ये राहणाऱ्या रझांच्या चित्रांत इतक्या वर्षांनी का परतला, हे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून कळत नाही. इथे युंग उपयोगी पडतात.

पुन्हा ‘पूरबी’चे पान. न खोडलेल्या ओळी अजून स्पष्ट वाचता येतात. 1925 साली संग्रह निघाला तेव्हा त्या छापल्या गेल्या. प्राणी हस्तलिखितातच राहिले.