उंबरातलं केंबरू

[दृश्य: उंबराचं जाड खोड, खोडालाच लगडलेले हिरवे-लाल घोस]

उंबराची फळं फांदीच्या शेंड्याला लागत नाहीत. जाड फांद्यांना, कधी थेट खोडाला घोसच्या घोस लगडतात. खाली पडलेलं एखादं लाल उंबर उचलून फोडलं, की आत बारीक किडे दिसतात. दोन-चार उडूनही जातात. किडकं निघालं, म्हणून आपण ते टाकून देतो. जुनी माणसं या किड्यांना केंबरं म्हणतात.

पण खरी गोष्ट अशी, की हे केंबरू आत शिरलं नसतं तर झाडानं ते फळ हिरवं असतानाच गाळून टाकलं असतं. ना ते पिकलं असतं, ना त्यात एकही बी धरलं असतं.

[दृश्य: भिंगाखाली मादी]

हा कीटक गांधीलमाशीच्या मोठ्या गोतावळ्यातला. शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. नावाला घाबरू नका, माणसाला डसणं हिच्या गावीही नाही. मादी जेमतेम दोन मिलिमीटरची. अंग काळसर, चकचकीत, पंख पारदर्शक. नजर ठरते ती डोक्यावर. लांबट, चपटं, पाचरीसारखं पुढं निमुळतं होत गेलेलं डोकं. जबड्याला जोडून मागं एक पट्टी असते आणि तिच्यावर ओळीनं बारीक दाते, सगळे मागं वळलेले. या डोक्याचं आणि या दात्यांचं काम तिच्या आयुष्यात एकदाच येतं.

नर शेजारी ठेवला तर दोघं एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसत नाही. फिकट पिवळसर रंग, पंख नाहीतच, डोळे नावापुरते, आणि पोटाचा मागचा भाग लांबवर सरकवता येईल असा. त्याचं बहुतेक सगळं आयुष्य एका फळाच्या अंधारात जातं.

[दृश्य: उभं कापलेलं कोवळं उंबर]

आता फळ आतून बघू. आपण ज्याला उंबर म्हणतो ती खरं तर एक पोकळ, मांसल पिशवी. तिच्या आतल्या भिंतीवर हजारो इवली फुलं असतात, सगळ्यांची तोंडं पोकळीकडे. बाहेर जायला टोकाशी एकच छिद्र, आणि तेही एकावर एक बसलेल्या खवल्यांनी घट्ट बंद. मधमाशीला, फुलपाखराला इथं वाव नाही. वाराही आत जात नाही.

त्यात आणखी एक अडचण. आत मादीफुलं आधी तयार होतात आणि नरफुलं काही आठवड्यांनी उमलतात. एका झाडाच्या एका बहरातली फळं साधारण एकाच टप्प्यावर असतात. म्हणजे पराग दुसऱ्या कुठल्यातरी उंबरावरूनच यायला हवेत.

मादीफुलं तयार झाली, की फळ एक खास गंध सोडतं. या गंधावर केंबराची मादी बरोबर उंबरावरच येते. वडाचे कीटक वेगळे, पिंपळाचे वेगळे. जगभरात वड-पिंपळ-उंबरांच्या या वंशाच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेकींचा आपापला वेगळा सोबती कीटक आहे.

[दृश्य: फळाच्या टोकाशी धडपडणारी मादी]

मादी छिद्राशी येते आणि ती पाचर खवल्यांच्या फटीत घालते. मग ढकलत, रेटत आत. दाते मागं वळलेले असल्यामुळं एक-एक खवला मागं टाकता येतो, पण परत फिरता येत नाही. या वाटेत पंख तुटतात. मिशांचे शेंडे तुटतात. कित्येक माद्या खवल्यांतच अडकून मरतात. बारकाईनं पाहिलं तर कोवळ्या उंबराच्या टोकाला चिकटलेले पंख साध्या डोळ्यांनीही दिसतात. त्या पंखांची मालकीण तेव्हा आत कामाला लागलेली असते.

तिचं काम पाहताना मी प्रत्येक वेळी थक्क होतो. इतर बहुतेक कीटकांच्या अंगाला पराग लागतात आणि जाता-येता फुलावर सांडतात. ही मादी पराग ठरवून आणते. तिच्या छातीवर दोन खिसे आहेत, परागांसाठीच घडलेले. आत पोहोचल्यावर पुढच्या पायांनी ती खिशातून पराग काढते, फुलांच्या कुक्षीवर, म्हणजे पराग धरणाऱ्या टोकावर, ठेवते आणि त्याच वेळी अंडी घालते. उंबराच्या जवळच्या नात्यातल्या आफ्रिकी झाडावर आणि अमेरिकेतल्या काही जातींवर 1969 साली हे बारकावे प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठं जगाला कळलं की हा कीटक हातानं परागीभवन करतो.

अंडी घालायची नळी ती कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्यातून, खाली अंडाशयापर्यंत उतरवते. एका फुलात एकच अंडं. काही फुलांचे कुक्षीवृंत आखूड, काहींचे लांब. आखूड फुलांत अंडं पोहोचतं, लांब फुलांत बहुधा पोहोचत नाही, पण पराग मात्र दोन्हींवर पडतो. म्हणून काही फुलांचं बी होतं, काहींची पिल्लं होतात. झाडाचाही वाटा निघतो आणि कीटकाचाही. कुणी लिहून न दिलेला हा करार फार फार जुना आहे. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर या गटातल्या कीटकाचे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले. त्यांच्या छातीवरही परागांचे खिसे आहेत.

अंडी संपली की मादी तिथंच मरते.

[दृश्य: फुगलेली फुलं, आत अळी]

पुढचा साधारण महिनाभर बाहेरून काहीच कळत नाही. थंडीत हा काळ वाढतो. अंडं घातलेलं फूल फुगून त्याची गाठ बनते. अळी त्या गाठीतच राहते, तिचाच आतला भाग खाते, तिथंच कोषात जाते. एका अळीला एका फुलाचं घर पुरतं.

पिल्लं नर की मादी, हे आईच्या हातात असतं. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. फळात एकटीच आई असेल तर ती मुलगे मोजकेच घालते, सगळ्या मुलींना पुरतील इतके. बऱ्याच माद्या आत आल्या असतील तर मुलग्यांचं प्रमाण वाढतं. उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्या डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी 1967 साली कीटकांतल्या अशा हिशोबाची मांडणी केली आणि या कीटकांनी ती पुढं पडताळून दाखवली.

नर आधी बाहेर येतात. अंधारात माद्यांच्या गाठी शोधतात, भिंतीला भोक पाडतात, लांब पोट आत सरकवतात. मादी जन्माला यायच्या आधीच मीलन उरकलेलं असतं. मग उरतं शेवटचं काम. नर एकत्र जमून फळाची भिंत कुरतडायला लागतात. बंद फळातली हवा कोंदट असते, कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या मानानं कितीतरी जास्त. पिंपळाच्या फळांवर 1973 साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की अशा हवेत माद्या मरगळून राहतात आणि नर मात्र कामात असतात. भोक आरपार गेलं, ताजी हवा आली, की माद्या हालचाल करू लागतात. तोवर नरफुलं उमललेली असतात. माद्या पराग गोळा करतात, खिशात भरतात आणि नरांनी खोदलेल्या वाटेनं बाहेर पडतात. ती वाट खोदणाऱ्या नराला उडायला पंख नाहीत. तो संपतो.

[दृश्य: भोकातून एकामागून एक निघणाऱ्या माद्या]

मादीच्या हातात आता एक-दोन दिवस. ती काही खात नाही. एवढ्यात तिला गंध सोडणारं दुसरं उंबर गाठायचं असतं. दोन मिलिमीटरचा जीव वाऱ्याच्या भरवशावर किती जाणार, असं वाटतं ना? नामिबियात उगाब नदीकाठच्या झाडांवर 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. उंबराच्या आफ्रिकी भावंडाचा असाच कीटक तिथं सरासरी 90 किलोमीटरच्या आसपास पराग नेताना आढळला, काही तर 160 किलोमीटरपलीकडे.

बहुतेक जणी पोहोचत नाहीत. फळाच्या तोंडाशीच मुंग्या टपलेल्या असतात. लाल मुंग्यांचं पानांचं घरटं त्या उंबरावर असेल, तर त्यांची मेजवानीच.

[दृश्य: फळाच्या सालीवर लांब नळीची माशी]

आणि घरात घुसखोरही आहेत. उंबरावर कधी लांबलचक शेपटीची बारीक माशी दिसेल. ती शेपटी म्हणजे अंडी घालायची नळी. ही आत शिरतच नाही, बाहेरूनच साल भेदून आतल्या फुलात किंवा दुसऱ्याच्या अळीपाशी अंडं सोडते. परागीभवन काही करत नाही. हिरव्या उंबराची साल चांगली कठीण, नळी केसाहून बारीक, तरी ती मोडत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 साली याचं कारण सांगितलं: अशा एका माशीच्या नळीच्या टोकाला जस्त असतं आणि त्यानं टोक कठीण होतं.

हे सगळं ऐकून लोक एक प्रश्न हमखास विचारतात: मग अंजिरातही किडे असतात का? पुरंदरचं अंजीर निर्धास्त खा. पुण्याकडची ही जात परागीभवनाशिवायच फळ धरते. स्मर्ना जातीच्या अंजिराचं मात्र तसं नाही. ती झाडं कॅलिफोर्नियात नेली, तर फळं पिकायच्या आधीच गळू लागली. 1899 साली त्यांचा कीटक तिथं नेऊन सोडला, तेव्हा पीक हाती आलं.

बहुतेक केंबरं निघून गेल्यावर उंबर लाल होतं, मऊ आणि गोड होतं. मग त्यावर वटवाघळं येतात, माकडं येतात. आपला राज्यपक्षी हरियाल येतो, भीमाशंकरच्या रानात शेकरू येतं. एका परिसरातली उंबरं वेगवेगळ्या वेळी फळतात, म्हणून इतर झाडं रिती असतानाही रानात काहीतरी खायला असतं. दोन दिवसांच्या मादीलाही हाच आधार. जवळपास कुठंतरी गंध सोडणारं झाड हवंच. रस्त्याकडेचं एक-एक उंबर तोडलं जातं तेव्हा उरलेल्यांमधलं अंतर वाढत जातं, हे मला फार खुपतं.

केंबरं जिवंत पाहायची असतील तर पूर्ण लाल उंबर घेऊ नका. हिरवेपणा जरा उतरलेलं, दाबल्यावर किंचित नरम लागणारं, पण अजून भोक न पडलेलं फळ घ्या. पांढऱ्या कागदावर धरून हलक्या हातानं उभं कापा. पिवळे, बिनपंखी दिसतील ते नर. काळ्या, पंखवाल्या त्या माद्या. मोबाइलच्या कॅमेऱ्याला साधं भिंग लावलंत, तर कुणाच्या पोटाशी लांब नळी आहे तेही दिसेल. ती घुसखोर.