आते काय करस?

(दृश्य: रात्र. गच्चीवर सतरंजी, मधोमध बॅटरीचा दिवा, कडेला माठ. ओंजळीत सहा कवड्या.)

मे महिना. चाळीसगाव तालुक्यातलं माझं माहेर. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारून गच्ची गार केली, तरी सतरंजीखालून अजून ऊब येते. वीज गेलेली आहे. भाचा, भाची, शेजारची दोन मुलं आणि माझे काका बसले आहेत. काकांना सगळं घर जिभाऊ म्हणतं.

जिभाऊंच्या पुढे एक दार आहे. दार म्हणजे मी नुसतं सांगितलंय, की डोंगरातलं जुनं भुयार, भिंतींना ओल, समोर लाकडी दार, दाराला गंजलेलं कुलूप. पलीकडे कुणीतरी बाई गुणगुणतेय. एवढं सांगून मी थांबते आणि विचारते,

"आते काय करतस, जिभाऊ?"

आता तुम्ही काय करता? भाच्याला विचारताना मी म्हणते, "आते काय करस रे?" गेली काही वर्षं सुट्टीत आम्ही हा खेळ खेळतो: गोष्ट सांगणारा प्रसंग उभा करतो, बाकीचे त्यातली माणसं होऊन काय करायचं ते ठरवतात. आधी कॉम्प्युटरवर, मग विजेनं दगा दिला म्हणून कागदावर, आणि आता वीज असली तरी कागदावरच. त्या प्रश्नासाठी.

(दृश्य: वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा.)

हा खेळ आला अमेरिकेतून. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. त्याआधी शौकीन लोक टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळत आणि एकेक खेळाडू अख्खी फौज चालवी. या दोघांच्या खेळात एका खेळाडूकडे एकच माणूस आला. त्याला नाव, त्याची ताकद, त्याची अक्कल, त्याचं भय.

लोकांना त्यातले राक्षस आणि तलवारी दिसतात. मला मोठा वाटतो तो त्यातला कारभारी. इंग्रजीत त्याला गेम मास्टर म्हणतात, आम्ही कारभारी म्हणतो. तो जिंकायला बसत नाही. तो समोरचं जग सांगतो, प्रश्न विचारतो आणि येईल ते उत्तर गंभीरपणे घेतो. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं जातो, त्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. इथला घोडा सारंगखेड्याच्या यात्रेत नेऊन विकता येतो.

मग हे खेळ कॉम्प्युटरवर गेले. १९८१ साली 'अल्टिमा' आणि 'विझार्ड्री' आले. कॉम्प्युटरनं हिशोब उचलला, आणि फार चांगला उचलला. कुणाला किती लागलं, कुणाच्या थैलीत काय उरलं, हे तो कधी विसरत नाही. पण आधी लिहून ठेवलेल्या उत्तरांपलीकडचं उत्तर त्याला ऐकू येत नाही. म्हणून कॉम्प्युटरवरचा खेळ मी एका गोष्टीवर जोखते: लिहिणाऱ्यांनी माझ्या उत्तरांचा आधी किती विचार केला होता?

'फॉलआउट' या कसोटीला उतरतो. १९९७ सालचा खेळ. अणुयुद्धानंतर माणसं जमिनीखालच्या वसाहतीत राहतात आणि तिथली पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते. बाहेर जा, नवी घेऊन ये, हातात १५० दिवस. दारात रिकामे ड्रम मांडून टँकरची वाट बघणाऱ्या घराला ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. जिभाऊ मागे उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "लढू नको, आधी पानी पाय." आधी पाणी बघ. आणि त्या खेळात शेवटच्या शत्रूला गोळी न घालता थांबवता येतं. तो माणसांपासून नवी जात घडवत असतो. ती जात निपुत्रिक आहे याचा पुरावा शोधून त्याच्यापुढे ठेवायचा, त्याला बोलून पटवायचं, की त्याचं सगळं काम त्याच्याच डोळ्यांदेखत कोसळतं. हा रस्ता कुणीतरी बसून लिहिला. खेळणाऱ्यातल्या एखाद्याला लढावंसं वाटणार नाही, हे त्यांनी आधीच धरलं होतं.

'मोरोविंड' २००२ सालचा. त्यात जायचं ठिकाण कुठे ते माणसं तोंडी सांगतात: पूल ओलांडा, दोन वाटा फुटतील, डावी धरा. आमच्याकडे पत्ता असाच सांगतात. पाटाच्या पुलावरनं खाली उतरा, निंबाखाली म्हसोबा लागला की उजवीकडे. ऐकणाऱ्याला वाट डोळ्यांपुढे उभी करावी लागते, चुकलं तर पुन्हा कुणाला विचारावं लागतं, आणि त्या विचारण्यातच गाव कळतं. चार वर्षांनी त्याच मंडळींनी 'ऑब्लिव्हियन' काढला आणि पडद्यावर होकायंत्र आलं. खुणेकडे तोंड करा आणि चालत सुटा. शिवाय तुमचा दर्जा वाढला की वाटेवरच्या लुटारूंच्या अंगावरही भारी चिलखत येतं. मला ते मनापासून पटत नाही. डोंगर जिथे आहे तिथे असावा. पहिल्या दिवशी तो चढवला नाही तर माघारी यावं, आणि वर्षानं चढवला तर छाती भरून यावी. माझ्याबरोबर डोंगरही वाढत गेला, तर मी काय मिळवलं?

२०२३ सालच्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये वीस बाजूंचा फासा पडद्यावर घरंगळताना दिसतो; हातातलं काम जमलं की नाही, ते तो ठरवतो. खेळ मोठ्या मायेनं केलाय, उत्तरंही अफाट लिहिलीत. पण भाचा खेळतो तेव्हा फासा वाईट पडला की तो मागच्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू करतो. पुन्हा टाकतो. मनासारखं पडेपर्यंत टाकतो. दोष त्याचा नाही. हरलं की पुढे फक्त नुकसानच आहे असं ज्याला वाटतं, तो मागेच जाणार. हरण्याच्या पलीकडे काहीतरी बघण्यासारखं ठेवणं हे खेळ रचणाऱ्याचं काम आहे. २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'नं ते केलं. तिथे फासा फसला की पुष्कळदा असा प्रसंग घडतो, जो जिंकलेल्याला कधी दिसतच नाही.

(दृश्य: कवड्या सतरंजीवर पडतात. जवळून.)

हे मी गच्चीवरच शिकले, चुकून. पहिल्या वर्षी आम्ही वीसचा फासा वापरायचो, मोबाइलवरचा. असंच एक कुलूप होतं. भाचीनं टाकलं, कमी पडलं. "उघडत नाही," मी म्हणाले. पुन्हा टाकलं, पुन्हा कमी. पाऊण तास आम्ही त्या कुलपापाशी होतो. शेजारचा मुलगा झोपी गेला. भाची म्हणाली, "फुई (म्हणजे आत्या), आता दुसरं काहीतरी खेळू."

वीसच्या फाशात १ पडणं आणि २० पडणं सारखंच सोपं, प्रत्येकी ५ टक्के. रोज कुलपं उघडणारा माणूस आणि पहिल्यांदा हात लावणारा, दोघांनाही नशीब तितकंच हलवतं. आणि निकाल दोनच: झालं, नाही झालं. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या टेबलावरच्या खेळानं तिसरा निकाल ठळक केला. दोन साधे फासे टाकायचे. ६ किंवा कमी आले तर गोष्ट बिघडते, १० किंवा जास्त आले तर जमतं, आणि ७ ते ९ आले तर जमतं, पण काहीतरी मोजावं लागतं. कुलूप उघडतं, पण पहारेकरी जागा होतो.

आजीच्या सारीपाटाच्या कवड्या कपाटात होत्या. सहा. मी एका दुपारी मांडून बघितलं. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असं धरलं, तर सहा कवड्या ६४ तऱ्हांनी पडतात. एकही उताणी नाही, अशी १ तऱ्हा. एक उताणी ६, दोन १५, तीन २०, चार १५, पाच ६, सहाच्या सहा १. खरी कवडी इतकी समान पडत नाही, पण खेळाला हा हिशोब पुरतो.

हेच आकडे एका जुन्या गणितज्ञाच्या हिशोबात आहेत, आणि त्याचं नाव माझ्या माहेरापासून फार लांब नसलेल्या एका दगडावर कोरलेलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त एक प्रश्न आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट, या सहा रसांतून किती वेगवेगळी पक्वान्नं होतील? एकेका रसाची ६, दोन-दोनांची १५, तिनांची २०, चारांची १५, पाचांची ६, सगळ्यांचं मिळून १. एकूण ६३. बिनचवीचं एक धरलं की आमच्या कवड्यांचे ६४. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या डोंगराखाली पाटण आहे. तिथल्या देवळात शिलालेख आहे: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चंगदेव यानं मठ स्थापल्याची ती नोंद. लहानपणी सहलीला जाऊन त्या दगडापुढे आम्ही डबे खाल्ले होते. काय लिहिलंय ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तर आमचा नियम असा बसला. दोन किंवा कमी उताण्या, तर बिघडलं: ६४ पैकी २२. बरोबर तीन, तर जमलं पण किंमत द्या: २०. चार किंवा जास्त, तर चोख जमलं: पुन्हा २२. तीन वाटे जवळजवळ सारखे. ज्याला ते काम येतं त्याला सातवी कवडी. मग १२८ तऱ्हा, त्यातल्या ६४ मध्ये चोख, म्हणजे बरोबर अर्धा. बिघडण्याच्या उरतात २९. कसब हाताला जाणवतं. ओंजळ जड होते. आणि बिघडलं तरी "उघडत नाही" असं मला म्हणता येत नाही. काहीतरी घडलंच पाहिजे, हा कारभाऱ्यावरचा नियम.

गुण कशाचे द्यायचे, यावर आमची भांडणं झाली. जुन्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये राक्षस मारण्यापेक्षा भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्याचे गुण जास्त मिळत, म्हणून शहाणे खेळाडू लढाई टाळून सोनं पळवायचे. भाच्याला प्रत्येक लढाईचे गुण हवे होते. एक आठवडा तसं केलं. त्या आठवड्यात कुणीच कुणाशी बोललं नाही, भेटेल त्याला मारत सुटले. आता गुण मिळतात ते नवीन माणसाचं नाव-गाव कळल्याचे. मुलं राक्षसांनाही विचारतात, कुठले तुम्ही?

(दृश्य: पुन्हा गच्ची. दिव्याभोवती चेहरे.)

जिभाऊ अजून दारासमोर आहेत. भाचा कुजबुजतो, "कुलूप फोडा." भाची म्हणते, "किल्ली शोधा."

जिभाऊ डोळे मिटतात आणि गुणगुणायला लागतात. शब्द नाहीत, फक्त जात्याची चाल. आजी पहाटे दळायची तेव्हाची. मी लिहून आणलेल्या पानावर याचं उत्तर नाही. पेन्सिल खाली ठेवते.

"गुणगुणणं तुम्हाला येतं, जिभाऊ. सातवी कवडी घ्या."

सात कवड्या पडतात. भाची वाकून मोजते. तीन उताण्या. जमलं, पण किंमत आहे.

पलीकडचा आवाज थांबतो. कडी आतून सरकते. दार बोटभर उघडतं, त्या फटीतून वारा येतो आणि तुमच्या हातातली चिमणी विझते. अंधारातून म्हातारी बाई विचारते, "कोनना शे रे तू?"

कुणाचा रे तू? जिभाऊ माझ्याकडे बघत नाहीत. जिथे ते दार आहे तिकडे बघतात आणि सावकाश आपल्या आजोबांचं नाव सांगतात.