चकचकीत कागदातली हवा

मंडळी, भज्यांच्या कागदापासून सुरुवात करतो. गरम भजी ठेवली की तेल उतरतं आणि तेवढ्या जागी कागद आरपार दिसू लागतो. आपण म्हणतो डाग पडला. खरं तर तिथली हवा गेली. प्रकाश अडखळतो तो हवा आणि घन पदार्थ यांच्या सीमेवर. हवेचा अपवर्तनांक १, कागदावरच्या लेपात घालतात त्या चिनी मातीचा १.५६ च्या आसपास, खाद्यतेलाचा १.४७. हवेच्या जागी तेल शिरलं की फरक फारसा उरत नाही आणि प्रकाश अडत नाही.

मासिकाच्या गुळगुळीत कागदावरचा लेपही याच हिशेबाने चालतो. एका बाजूला चौरस मीटरमागे १० ग्रॅम, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढा थर. गिऱ्हाईक विचारतं, पिगमेंट, म्हणजे लेपातली पांढरी भुकटी, कोणतं? मी विचारतो, कणांमध्ये हवा किती, आणि कशी विखुरलेली? ते बरंचसं कणाच्या आकारावर ठरतं. आकार म्हणजे घडण, लहानमोठेपणा नव्हे. बोलताना दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, त्यापायी खरेदी खात्याशी माझे वाद झालेत.

स्वयंपाकघरातले तीन डबे आठवा. पोहे, खडीसाखर, शेवया.

चिनी माती म्हणजे पोहे. तिचे कण षट्कोनी पापुद्रे असतात. परातीत ओतलेले पोहे अस्ताव्यस्त पडतात, वरून तळहात फिरवला की आडवे होतात. कागदगिरणीत तो तळहात म्हणजे कॅलेंडरचे, कागद दाबून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचे, रूळ. पापुद्रे आडवे झाले की चकाकी येते. शिवाय पापुद्रा कागदाच्या धाग्यांमधल्या खड्ड्यावर आडवा बसतो, म्हणून हलक्या कागदावर थोडक्या लेपात काम भागतं.

मग सगळं चिनी मातीचंच का नाही करत? कारण ती घट्ट कालवली की वाहत नाही. दळलेला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली खडीसाखर, ७० टक्क्यांहून जास्त घन ठेवूनही पंपातून जातो. मातीला बरंच जास्त पाणी लागतं, आणि ते पाणी पुढे वाफ करून उडवायचं म्हणजे इंधन. जादा लेप खरवडून काढणाऱ्या पात्याखाली, म्हणजे ब्लेडखाली, तर आणखी पंचाईत. त्या बारीक फटीत घट्ट मिश्रणातल्या पापुद्र्यांना वळायला जागा मिळत नाही, लेप अचानक आखडतो आणि कागदावर रेघा उमटतात.

शेवया म्हणजे अ‍ॅरागोनाइटच्या, कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाच्या, सुया. त्या नीट रचल्याच जात नाहीत, म्हणून पोकळी भरपूर. पोकळी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास, ०.२ ते ०.३ मायक्रॉन, असली तर अपारदर्शकता छान येते आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे महागडं पांढरं पिगमेंट कमी लागतं. कण चिकटवून ठेवणारा बाइंडर मात्र या सुया जास्त पितात.

व्यवहारात म्हणूनच मिश्रण करतात, आणि तेही छपाई बघून. पापुद्रे कौलांसारखे एकावर एक बसले की वाफेला वाट राहत नाही. हीटसेट ऑफसेट छपाईत शाई भट्टीत वाळवतात; तिथे कागदातला ओलावा आतच अडकतो आणि फोड येतात. तिथे मी खडीसाखर वाढवतो.

हीच कौलं खाद्यपदार्थाच्या वेष्टनाला मात्र हवीहवीशी. तिथे बाइंडर सढळ हाताने घालून पोकळ्या मुद्दाम बुजवायच्या. मग भज्यांच्या तेलाला प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालत जावं लागतं.