चार तासांत मुशीची जात

नमस्कार श्रोतेहो.

मालवणकडे घरात मोरीचं मटण शिजत असतं, तेव्हा ती मोरी, म्हणजे आपली मुशी, नेमकी कुठल्या जातीची हे कोणी विचारत नाही. अख्खी मासळी समोर असली तर कोळीण बघताक्षणी सांगेल. सोलून तुकडे केले की मात्र तिचीही नजर चालत नाही.

हाँगकाँगच्या बंदरातल्या कस्टम अधिकाऱ्याची अडचण हीच. तिथल्या शेउंग वान भागात सुक्या मासळीची दुकानं ओळीनं लागलेली आहेत, आणि त्यांत सूपासाठी वाळवलेले मुशीचे पर. हातोडीसारख्या डोक्याच्या मुशीचा पर अख्खा असेल तर जाणकार आकारावरून ओळखतो. कातडं काढून साफ केला की सगळेच सारखे. या मुशीच्या तीन जाती ‘साइट्स’ कराराच्या, म्हणजे दुर्मिळ होत चाललेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत 2013 मध्ये आल्या; परवान्याशिवाय त्यांचा माल देशाबाहेर नेता येत नाही. पण नमुना प्रयोगशाळेत पाठवून उत्तर येईपर्यंत कंटेनर अडवून ठेवायचा तरी किती दिवस?

2018 मध्ये संशोधक डिएगो कार्देन्योसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक चाचणी प्रसिद्ध केली. उचलून नेता येईल असं पीसीआर यंत्र थेट बंदरावर ठेवायचं. पराचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए वेगळा करायचा, यंत्रात त्याच्या प्रती वाढवायच्या आणि मग तो हळूहळू तापवायचा. तूप आणि खोबरेल तेल, दोन्ही थंडीत थिजतात. पण पातळ व्हायला दोघांना लागणारी ऊब वेगळी. तसंच इथे. डीएनएचे दोन पदर कुठल्या तापमानाला सुटतात, त्यावरून जात कळते. त्या वेळी साइट्सच्या यादीत असलेल्या मुशीच्या 12 पैकी 9 जाती एकाच चाचणीत, चार तासांच्या आत सापडतात. खर्च? नमुन्यामागे एक डॉलरहूनही कमी!

कोर्टात उभं राहायला एवढा पुरावा पुरत नाही, तिथे प्रयोगशाळेचा सविस्तर अहवाल लागतोच. पण माल रोखायला सबळ कारण हातात येतं, आणि मला विचाराल तर खरी गरज त्याचीच होती. 2020 मध्ये हाँगकाँगलाच इक्वेडोरहून आलेल्या दोन कंटेनरांत 26 टन पर सापडले. सुमारे 38,500 मुशींचे!

आपल्याकडे 2015 पासून मुशीच्या परांची निर्यातच बंद आहे, त्यामुळे कागदावर प्रश्न सोपा. बाकीच्या जगाचं तसं नाही. 2022 मध्ये पनामाच्या बैठकीत साइट्सची यादी एकदम लांबली. यंत्र तेच राहील, पण नव्या जाती ओळखायच्या तर चाचणीची जुळणी पुन्हा नव्यानं करावी लागते.

नमस्कार.