वर्गणीदाराने वाचलेली गोष्ट

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेत दिलाय तोच आहे. मासिकात क्रमशः वाचलेलं कॉमिक्स आणि नंतर जाडजूड पुस्तकात दोन बैठकीत संपवलेलं तेच कॉमिक्स, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं म्हणणं आहे आणि ते मी आज पटवणार आहे. पण आधी वर्गणीदार नावाच्या प्राण्याबद्दल थोडं बोलू द्या, मूळ मुद्द्याला काय, दहा मिनिटं पुरतात.

हात वर करा बघू, कोण कोण वर्गणीदार आहे? तीन. आणि मागे एक अर्धा हात आहे, अंक मोठ्या भावाच्या नावावर येतो म्हणतायत, चालेल. तर हा माणूस वर्षाचे पैसे आगाऊ भरतो, अंकात काय असणार हे माहीत नसताना भरतो, आणि त्याच्या वाट्याला काय येतं तर सगळ्यात उशिरा पोचलेला, सगळ्यात चुरगळलेला अंक. माझ्या मासिकाचं नाव घेत नाही, वर्गणी अजून चालू आहे. पण ते लोक पत्त्याचा कागद दर महिन्याला बरोब्बर हिरोच्या तोंडावर चिकटवतात. मुखपृष्ठावर एवढं आकाश असतं, इमारती असतात, व्हिलनची ढेरी असते, पण नाही, तोंडावरच, आणि सोलायला गेलं की नाक निघून येतं. मी पत्र लिहिलं. दिलगिरीचं छान उत्तर आलं, त्या पाकिटावर पत्ता अगदी जिथल्या तिथे होता. पुढच्या महिन्यात परत तोंडावर! आणि ज्याला पुढच्या महिन्यात मासिकाचं नावसुद्धा आठवणार नाही असा कोणीतरी जाता जाता स्टॉलवरून घेतो, त्याला मात्र कोरा करकरीत अंक, तोही माझ्या आधी.

हे फक्त माझंच नशीब आहे असं समजू नका. अमेरिकेत कितीतरी वर्षं वर्गणीदाराचा अंक मधोमध उभा दुमडून, तपकिरी कागदात गुंडाळून पोस्टात टाकायचे. जुने अंक जमवणाऱ्यांकडे त्या घडीला नाव पण आहे, सबस्क्रिप्शन क्रीज, आणि ती दिसली की अंकाची ग्रेड, म्हणजे तो किती जपलेला आहे त्याचा दर्जा, उतरते. म्हणजे निष्ठेचा पुरावा आहे म्हणून किंमत कमी! त्याहून भारी १९७४ सालचं. मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानांवर स्टॅम्प छापायला सुरुवात केली, कापा आणि जमवा म्हणाले, पोरांनी इमानदारीत कापले. त्यातच हल्कचा १८१ नंबरचा अंक होता, वुल्व्हरिन नीट पहिल्यांदा येतो तो, आणि आज त्यातला स्टॅम्प कापलेला असेल तर किंमत धाडकन खाली. सांगितलेलं ऐकलं तो मेला.

पोस्टावरून आठवलं, अमेरिकेत मासिकांचा स्वस्त टपालदर हवा असेल तर अंकात दोन पानं तरी नुसत्या मजकुराची लागायची, म्हणून मारामारीच्या मधेच कुठेतरी एक गद्य गोष्ट घुसवलेली असायची जी पोरं न वाचता उलटायची. पुढे मार्व्हलचा नावाजलेला लेखक झालेल्या स्टॅन लीचं कॉमिक्समधलं पहिलं लिखाण तसलंच, कॅप्टन अमेरिकाचा ३ रा अंक, मे १९४१, टपालखात्याच्या कृपेने. पुढे ती जागा वाचकांच्या पत्रांनी घेतली. पत्रांवर मी येणारे, विसरू देऊ नका.

आणि मुखपृष्ठावरचा महिना, तो तर सरळ सरळ थाप. सुपरमॅन ज्यात आला त्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकावर जून १९३८ छापलंय आणि तो विकायला आला एप्रिलमध्ये, कारण तो महिना स्टॉलवाल्यासाठी, अंक कधी खाली उतरवायचा हे कळायला. आता जूनचा अंक आला नाही ही तक्रार वर्गणीदाराने नक्की कधी करायची, सांगा मला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, आत्ता तर सुरुवात… बरं, बरं.

तर मुद्दा. दोन अंकांमधला महिना हा गोष्टीचाच भाग असतो. पुस्तकात पात्राने उडी मारली की पान उलटेपर्यंत ते जमिनीवर, मासिकात ते महिनाभर हवेत असतं, आणि तेवढ्यात तुम्ही पुढची गोष्ट स्वतःच रचता, मित्राशी त्यावरून भांडता, आणि नवा भाग आला की आपल्या गोष्टीशी ताडून बघता. पुस्तकवाल्याकडे ताडून बघायला काहीच नसतं. उशीरसुद्धा यातच धरा. वॉचमेन हे सुपरहिरोंचं कॉमिक्स बारा अंकांचं, मुखपृष्ठांवर सप्टेंबर १९८६ ते ऑक्टोबर १९८७, म्हणजे चौदा महिने. अंकाअंकावर घड्याळाचा काटा आणि स्वतः लेट!

दुसरं, वय. अटॅक ऑन टायटन हे जपानी कॉमिक्स मासिकात सप्टेंबर २००९ ते एप्रिल २०२१ चाललं, १३९ भाग. बाराव्या वर्षी सुरू केलेला वाचक शेवटच्या भागाला तेवीस-चोवीसचा. शत्रू नक्की कोण ह्याबद्दलचं त्याचं मत गोष्टीने बदललं का वयाने, त्याचं त्याला तरी सांगता येईल का? जपानी ॲनिमेशनपट करणाऱ्या मियाझाकीची नौसिका ही चित्रकथा ॲनिमेज मासिकात १९८२ ते १९९४, मधे मधे सिनेमे करायला थांबत थांबत, सुरू झाली तेव्हा सोव्हिएत युनियन होतं, संपली तेव्हा नव्हतं. आज सात खंड आणा, आठवड्यात वाचून मोकळे व्हा, छानच आहे, पण मी म्हणतो ते हे नव्हे.

तिसरं, पत्रं. पुस्तक बांधताना ती पानं बहुतेक वेळा गाळतात. फँटास्टिक फोरचा २० वा अंक, नोव्हेंबर १९६३, त्यात एका शाळकरी पोराचं भरभरून कौतुकाचं पत्र आहे, नाव जॉर्ज आर. आर. मार्टिन. हो, तेच, गेम ऑफ थ्रोन्सवाले. दर महिन्याच्या अंकावर वाढलेला माणूस, आणि त्याच्या त्या मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं, सहाव्यासाठी लोक अजून डोळे लावून बसलेत, आता ह्यात कोण कोणाचा सूड उगवतंय ते… हो हो, बसतो.