काकूंची खाड्याची वही

(निवेदन)

(पहाट. विश्रामबाग. सांगली-मिरज रस्त्यावर एखाद-दुसरी रिक्षा. आतल्या बोळात एका घराच्या खिडकीत दिवा लागतो.)

पहाटेचे साडेपाच. सांगली आणि मिरज यांच्या मधलं हे विश्रामबाग. विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचं, वालचंद इंजिनिअरिंग १९४७ सालचं, आणि दोन्ही याच भागात. पोरं शिकायला येत राहिली, तसं त्यांच्या आसपास एक गाव वसत गेलं. कॉट बेसिसवर खोली देणारी घरं, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपऱ्या, सायकलवाले. आणि मेस.

या खिडकीत काकू आहेत. बाहेर पाटी एवढीच, 'घरगुती जेवण'. मी इथं चार वर्षं जेवलो. शिक्षण संपलं, नोकरी लागली, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी अजून येतो. काकूंची वही आता मी लिहितो.

(परातीत कणीक. दोघी बायका मळतायत. तवा तापतोय.)

एक किलो कणकेच्या घडीच्या चपात्या साधारण पंचवीस होतात. चाळीस मेंबर, प्रत्येकी चार चपात्या, म्हणजे एका वेळेला साडेसहा किलो कणीक. ती मळायची, लाटायची, भाजायची आणि साडेबाराच्या आत डब्यांत भरायची. एका तव्यावर दोन तास जातात. म्हणून इथं तवे दोन आहेत आणि लाटणाऱ्या बायकाही दोन. तिसरी आली तर उभं राहायला जागा नाही. मेस किती मोठी होऊ शकते, हे या ओट्याच्या लांबीवर ठरतं. पोरं किती मिळतील हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

कॉलेजच्या पोरांसाठी काहीतरी सुरू करायचं म्हणणारे खूप भेटतात. कॅफे काढू, मोमोजची गाडी लावू, अभ्यासिका काढू. बहुतेक सगळे सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या गेटवर उभे राहून गर्दी बघतात आणि मनात गुणाकार करतात. त्या सगळ्यांना मी एकदा ही वही दाखवतो.

(वहीचं पान. नावांची उभी रांग, तारखांची आडवी रांग. काही चौकटींत फुली.)

या फुलीला खाडा म्हणतात. मेसमध्ये जेवलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मेंबर जेवायला आला नाही, की त्या वेळेचे पैसे महिन्याच्या हिशेबातून कापायचे. काकूंचा नियम असा: सलग तीन दिवस नसाल तरच खाडा, आणि आदल्या रात्री नऊच्या आत सांगितलं तरच.

विद्यार्थी असताना या नियमावरून मी काकूंशी भांडलोय. शनिवार-रविवार गावाला गेलो होतो, दोन दिवस जेवलो नाही, मग पैसे का द्यायचे? त्या फक्त म्हणाल्या, "तुझ्या चपात्या लाटून झाल्या होत्या रे." मला तेव्हा ते कारण वाटलं नव्हतं.

वही हातात आल्यावर कळलं. खाड्याचे ताटामागे ४० रुपये परत द्यायचे. पोरगं येणार नाही हे आदल्या रात्री कळलं, तर किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून ३२ रुपये वाचतात. नुकसान ८ रुपयांचं. न सांगता गैरहजर राहिलं आणि तरी खाडा धरला, तर पूर्ण ४० रुपये जातात, वर अन्न उरतं. आठ आणि चाळीस यांच्यामध्ये रात्री नऊ वाजता आलेला एक मेसेज असतो. पूर्वी दाराजवळ फळा होता, आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे. एवढाच फरक.

सगळ्यांत कमी ताटं शनिवारी रात्री लागतात. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, पलूस इथली पोरं दुपारच्या एसटीनं घरी जातात. रविवारी संध्याकाळी मेस बंदच. या भागातल्या प्रत्येक मेसला एक जुना प्रतिस्पर्धी आहे, त्याच्याशी कुणी भांडत नाही. पहाटेच्या पहिल्या एसटीनं गावाकडून येणारा आईचा डबा. स्टँडवर उभं राहून तो उतरवून घेणारी पोरं मी पाहिलीत. ज्याला डबा येतो तो मेंबर होत नाही. पण डबा चुकला, की पळत इथंच येतो, गेस्ट ताटाचे पैसे देऊन जेवतो. काकू त्याला अर्धी चपाती जास्त वाढतात.

(पंगत. ताटात चपाती, अख्खा मसूर, कांदा, शेंगदाण्याची चटणी.)

बुधवारी अंडाकरी, रविवारी दुपारी चिकन. माळकरी पोरांना त्या दिवशी पनीर किंवा गोड. एरवी अख्खा मसूर, मटकी, वांगं, मेथी. पोरं कशावर तक्रार करतात? चवीवर फारशी नाही. सलग दोन दिवस तीच भाजी दिसली की ग्रुपवर बोंब होते. आमटी पातळ झाली की होते. आणि ताटात गार चपाती पडली, तर दुसऱ्या दिवशी पोरगं शेजारच्या मेसची चौकशी करून आलेलं असतं. चार पोरं एका खोलीत राहतात. एक फिरला की चौघे फिरतात. उलटही खरं आहे, एक आला की आठवड्यात बाकीचे तिघे येतात.

मुलींचं गणित वेगळं. मेसवर येऊन जेवणाऱ्या थोड्या, बाकीच्यांना खोलीवर डबा लागतो. वीस डबे लावायचे तर चाळीस डबे विकत घ्यावे लागतात, एक तिकडं, एक इकडं धुवायला. नवीन मेस काढणारे हे हमखास विसरतात. पहिल्याच आठवड्यात डबा परत आलेला नसतो आणि भाजी कशात भरायची हे कळत नाही.

आता मुख्य पान.

(वहीत मागच्या बाजूला बारा उभे रकाने. जून ते मे.)

हिशेब कळावा म्हणून आकडे गोल धरूया. चाळीस मेंबर, महिन्याला ३,००० रुपये. जमा १ लाख २० हजार. महिन्यातून चार रविवार रात्री बंद, म्हणजे माणशी ५६ ताटं. सगळी मिळून २,२४० ताटं, ३२ रुपयांप्रमाणे ७१,६८० रुपये. जागेचं भाडं १० हजार, दोघी बायकांचा पगार १८ हजार, लाइट-पाणी अडीच हजार. हे सगळं जाऊन हातात राहतात १७,८२० रुपये. पहाटे साडेपाच ते रात्री दहा राबल्याचे. बरे आहेत.

आता मे महिना बघा. परीक्षा संपल्या, पोरं गेली. राहिले दहा. जमा ३० हजार. ताटांचा खर्च १७,९२०. भाडं मात्र तेवढंच, पगार तेवढाच. साडेतीस हजार ठरलेले. तोटा १८,४२० रुपये.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मी पहिल्यांदा बघितले, तेव्हा गप्प झालो होतो. १७,८२० आणि १८,४२०. एक रिकामा महिना एक भरलेला महिना गिळतो, वर सहाशे रुपये आणखी मागतो.

आणि रिकामे महिने एक-दोन नसतात. मे आहे, जून आहे. दिवाळीची सुट्टी आहे, सेमिस्टरच्या परीक्षा संपल्यानंतरचे दिवस आहेत. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं ही आपली जुनी समजूत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं सीईटीच्या कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, उरकल्याशिवाय येत नाहीत. ऑगस्ट उजाडतो, कधी सप्टेंबर. सगळे तुकडे जोडले की चार महिने भरतात. आठ महिन्यांचा नफा १ लाख ४२ हजार ५६०, चार महिन्यांचा तोटा ७३ हजार ६८०. वर्षाला उरले ६८,८८०. बारानं भागा. महिन्याला ५,७४० रुपये.

सप्टेंबरमध्ये गेटवर उभं राहून केलेला गुणाकार १७,८२० सांगतो. वही ५,७४० सांगते. पोरांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या धंद्यांतले बरेच या दोन आकड्यांच्या मध्ये बुडतात. मालक आळशी नसतो, चवही वाईट नसते. डिसेंबरात भाडं थकतं, मे महिन्यात शटर खाली येतं ते परत वर जात नाही.

काकू बुडायच्या बेतात होत्या. मला बोलावलं ते मेस बंद करायचा हिशेब काढायला.

(दुपार. रिकामी मेस. काकू ओट्यापाशी बसून लसूण सोलतायत.)

मी कागदावर पहिला उपाय लिहिला तो सोपा होता: मे-जूनमध्ये एका बाईला सुट्टी द्या, ९ हजार वाचतील. काकूंनी तो खोडला. म्हणाल्या, "मे महिन्यात तिला नको म्हणलं, तर ऑगस्टमध्ये ती माझ्याकडं कशाला येईल? आणि दोन महिने ती काय खाईल?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोघींचे हात मे महिन्यात कशाला लावायचे, यावर मग आम्ही विचार केला.

खरं तर उत्तर घरातच होतं. मे महिना म्हणजे आपल्याकडं वाळवणाचा महिना. पापड, कुरडया, सांडगे. आणि वर्षभराची चटणी, कांदा-लसूण मसाला. मिरच्या उन्हात तापवायच्या, देठं खुडायची, खडा मसाला भाजायचा आणि डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, कुटून आणायचं. हळदीसाठी तर सांगलीबाहेर जायचं कारणच नाही, २०१८ साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मेसच्या आमटीत चार वर्षं जो मसाला पडला, तोच आता पाव किलोच्या पाकिटात मिळतो. गिऱ्हाईक कोण? पोरांचे आईवडील. सबमिशन संपवून घरी जाताना पोरगं दोन पाकिटं बॅगेत टाकतं. आधी शिकून गेलेली, पुण्यात नोकरी करणारी कुरियरनं मागवतात.

दुसरी गोष्ट मिरजेनं दिली. मिरज दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातूनही पेशंट येतात. पेशंटजवळ बसलेल्या माणसाला कमी तिखटाचं, गरम जेवण लागतं आणि दवाखान्याला उन्हाळी सुट्टी नसते. सरासरी रोज बारा डबे जातात. मे महिन्यात दहाचे बावीस झाले. त्याच दरानं धरलं तरी तोटा अठरा हजारांवरून चार हजारांच्या आत येतो. तेवढा मसाला भरून काढतो.

मला स्वतःला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. पोरांसाठी धंदा काढणाऱ्यानं पोरं नसतानाचं गिऱ्हाईक आधी शोधावं, पाटी नंतर रंगवावी.

(भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र.)

कागदपत्रं फार अवघड नाहीत. अन्नाचा धंदा कितीही लहान असो, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि १४ आकडी नंबर मिळतो. शॉप अ‍ॅक्टचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, कामही ऑनलाइन. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांच्या नोंदणीला सरकारी फी नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. गॅस मात्र १९ किलोचा, व्यावसायिक. घरातली १४.२ किलोची टाकी मेसला लावणं बेकायदा आहे आणि दोन भट्ट्यांच्या खोलीत धोक्याचंही. कर्ज हवंच असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण न देता मिळतं. ते पैसे भांड्यांत घाला, भिंतीच्या रंगात घालू नका. भांडी जुनी मिळाली तर आणखी बरं.

आणि सांगलीत असाल तर ऑगस्टचा शिधा जुलैतच भरा. २०१९ च्या महापुरात गणपती पेठ, हरभट रोड पाण्याखाली गेले. व्यापाऱ्यांची दुकानंच पाण्यात, मग किराणा आणायचा कुठून? तेव्हापासून काकूंकडं पंधरा दिवसांचे तांदूळ, डाळ, कणीक पोटमाळ्यावर असतात.

उधारीचं सांगायचं राहिलं. पैसे आगाऊ, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. ज्याला जमत नाही त्यानं येऊन सांगायचं. वहीत तीन नावांपुढं मी दर महिन्याला रकाना कोरा ठेवतो. त्यांच्या घरी त्या वर्षी ऊस वेळेत गेला नाही, किंवा वडील आजारी आहेत. काकू सांगतात, "उसाचं बिल आलं की देतील." आजवर दिलेत, एकानं नोकरी लागल्यावर दिले. हे मी नफ्यात धरत नाही, तोट्यातही नाही.

(ऑगस्ट. भुरभुर पाऊस. दारात एक माणूस, डोक्यावर टोपी, हातात पत्र्याची पेटी. मागे मुलगा.)

कॅप राउंडचं शेवटचं वाटप झालेलं आहे. आज सकाळपासून हे पाचवे वडील.

"खाडा धरताय काय ओ?"

"धरतो की. सलग तीन दिवस, आदल्या रात्री सांगायचं."

"आणि भाकरी? ह्याला भाकरी लागती."

"बुधवारी आणि रविवारी असती." काकू पेटीकडं बघतात, मग मुलाकडं. "कुठनं आला?"

"जतवरनं. पाचला निघालोय."

"मग आधी आत बसा, जेवा. पैशाचं नंतर बोलू."

पहिल्या दिवसाचं ताट काकू वहीत लिहू देत नाहीत. मी फक्त नाव लिहितो, एकेचाळिसावं.