गुलालाचा गाळ

(पडद्यावर : पहाटेची गंगावेस. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या आहेत. ग्लासात धार पडतेय.)

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर म्हशीची धार काढतात. फेसाळलेला ग्लास हातात असतो आणि तो संपेपर्यंत गल्लीतल्या निम्म्या गोष्टी ठरलेल्या असतात. यंदा शिवजयंतीचा मांडव कुठं घालायचा, सुट्टीत पोरांना लाठी कोण शिकवणार, आणि गटारीचं काम कुठल्या रविवारी काढायचं.

इथून पुढं रस्ता पंचगंगा घाटाकडं उतरत जातो. त्या उतारावरची, शुक्रवार पेठेतली एक गल्ली आम्ही या उन्हाळ्यात बघितली. दुतर्फा दाटीनं घरं, चार-पाच घरांच्या मागं म्हशींचे गोठे आणि गल्लीच्या तोंडाशी तालीम.

तालीम म्हटलं की बाहेरच्या माणसाला लाल मातीचा हौद आठवतो. कोल्हापूरकराला तालीम म्हणजे गल्लीचं थोरलं घर. लग्नाची पातेली तिथं, सतरंज्या तिथं, फुटबॉल बघायला शाहू स्टेडियमवर निघणारी पोरं जमायची तिथं, भाऊबंदकीचं भांडण मिटवायचं तिथं. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिला निरोपही तिथंच जातो. फावडी, घमेली, खराटेही तिथल्याच कोपऱ्यात, ढोल-ताशांच्या शेजारी ठेवलेले असतात.

(पडद्यावर : सासनकाठी, जोतिबाची उंच निशाणकाठी. गुलालानं माखलेले हात.)

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. डोंगरावर जायच्या आधी कितीतरी भाविक पंचगंगेत अंघोळ करतात, आणि त्यांची वाट याच बाजूनं जाते. गल्ली रात्रभर जागी असते. बायका पहाटेच कांदेपोह्यांचं पातेलं चुलीवर चढवतात, म्हातारी माणसं पाण्याची पिंपं भरून ठेवतात, पोरं ग्लास विसळत बसतात. "चांगभलं" कानावर पडलं की मान वर करायची, हात थांबू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ निघतो. महाद्वारापासून गुजरीपर्यंत रांगोळ्या, फुलं, दिव्यांची रोषणाई. आणि मग वैशाख शुद्ध द्वितीया. सरकारी शिवजयंती 19 फेब्रुवारीला होते, तीही इथं होते. पण पेठांचा जीव या वैशाखातल्या शिवजयंतीत जास्त आहे. दुपारी बायका शिवबाचा पाळणा म्हणतात. संध्याकाळी मर्दानी खेळ. महिनाभर सकाळ-संध्याकाळ घाम गाळून शिकलेली आठ-दहा वर्षांची मुलगी जेव्हा दांडपट्टा फिरवत मैदानात उतरते, तेव्हा एरवी बडबडणारी गल्ली एकदम गप्प होते. आमच्या कॅमेऱ्यात त्या पट्ट्याचा नुसता सूंऽऽ आवाज आला आहे. तो तसाच ऐका.

(दहा सेकंद निवेदन नाही.)

त्यानंतरचा रविवार. सकाळचे साडेसहा.

गटारीच्या चेंबरचं झाकण दोघांनी पहारीनं उचललं. आत हात घालणाऱ्या तात्यांचं वय सत्तरीच्या पुढचं. हातमोजे, पायात गमबूट. पहिली पाटी वर आली आणि सगळे तिच्याकडं बघत राहिले. गाळ काळा नव्हता, गुलाबी होता. जोतिबाचा गुलाल, शिवजयंतीचा गुलाल, मिरवणुकीत उडवलेले चमकीचे कागद, नारळाच्या शेंड्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप. खाली हात गेला तसा थर बदलत गेला, आणि तळाशी मांडवाची दोरी निघाली. गेल्या वर्षीची.

"हे बाहेरनं कुणी आणून टाकलं नाही," तात्या म्हणाले. "आपलंच हाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण ढोल वाजवणारी पोरं तिथंच उभी होती, आणि त्या वाक्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. दुपारपर्यंत चौदा चेंबर उघडले. मांडवाच्या खांबांसाठी रस्त्यात पाडलेले खड्डे मुरूम आणि सिमेंट घालून बुजवले. तालमीच्या बैठकीत ठरलं की पुढच्या वर्षी गुलाल फक्त आरतीला, चिमूटभर. कागद उडवायचं यंत्र आणायचं नाही. मिरवणुकीच्या वाटेवरच्या चेंबरांवर बारीक जाळी ठोकायची. हे मोठं ठरवणं आहे. कोल्हापुरात गुलालाशिवाय मिरवणूक म्हणजे मिठाशिवाय रस्सा, आणि तरीही हे त्या पोरांनीच बोलून दाखवलं.

एक गोष्ट मनाला लागली ती सांगतो. उपसलेला ओला गाळ गटारीच्या काठावरच ठेवावा लागतो, दोन दिवस उन्हात वाळला की टिप्परमध्ये भरता येतो. गाडी येणार म्हणून सांगितलं होतं. चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी दुपारी तीनला ढग दाटले, धुळीची वावटळ उठली आणि वळीव कोसळला. वीस मिनिटांत काठावरचा निम्मा गाळ परत गटारीत गेला. गल्लीतल्या आक्का दारात उभ्या होत्या. "मी सकाळी सात वाजल्यापासनं घमेली उचलत होतो," त्या म्हणाल्या. कोल्हापुरातल्या बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, आणि त्या बोलण्यात जो ठसका असतो तो त्या दिवशी नव्हता. पुढच्या रविवारी मात्र सगळ्यात आधी पदर खोचून त्याच उभ्या होत्या. आणि यावेळी गाळ पोत्यांत भरून तालमीच्या पायरीवर, आडोशाला ठेवला.

(पडद्यावर : तालमीची भिंत. दोन आडव्या रेघा.)

या रेघा बघा. एक 2019 ची, एक 2021 ची. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. त्या दोन्ही वर्षी नदी 55 फुटांच्या वर गेली. गल्लीतली पोरं या रेघांशी स्वतःची उंची मोजतात. अजून कुणी वरच्या रेघेपर्यंत पोचलेलं नाही.

गटार साफ केली म्हणून महापूर अडत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नदी चढली की पाणी आधी रस्त्यानं येत नाही. गटारीतूनच उलटं वर येतं. त्याला इथं फुग म्हणतात. पण वळवाचं पाणी साफ गटारीतून तासाभरात निघून जातं, आणि पूर ओसरताना घराघरातला चिखल वाहून जायला वाट मोकळी लागते. 2019 ला ती नव्हती. आठ-आठ दिवस बादलीनं उपसलेला तो चिखल, भिजलेल्या गाद्यांचा तो वास, कुणी विसरलेलं नाही.

म्हणून मेच्या शेवटी तालमीत वही उघडतात. साधी शंभर पानी. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठं बाळंतीण आहे, कुणाच्या म्हशी किती, त्या कुणाच्या मळ्यात न्यायच्या, औषधांची पिशवी कुणाजवळ. वहीत लिहिणारी ती दांडपट्टा फिरवणारी मुलगीच आहे, अक्षर चांगलं म्हणून. एका घराच्या नावापुढं ती थांबली. "इथं आजी एकट्याच आहेत, पाळण्याला पुढं बसतात त्या," ती म्हणाली, आणि समोर स्वतःच्या थोरल्या भावाचं नाव लिहिलं. भाऊ शेजारीच होता. त्यानं नुसती मान हलवली.

पाळण्याला पुढं बसल्या नसत्या तर त्या आजी तिला ठाऊक असत्या का, हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

(पडद्यावर : मृगाचा पाऊस. पत्र्यावरचा आवाज.)

जून कोरडा-ओला गेला. 26 तारखेला शाहू जयंती झाली. पुढं राधानगरीचं पाणी चढत गेलं, आणि दूध कट्ट्यावरच्या गप्पांत धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे रोज यायला लागले.

आषाढातला शुक्रवार. पंचगंगेला नवं पाणी आलं आहे, तांबूस, गढूळ. गल्लीतल्या लेकीसुना घागरी भरून डोक्यावर घेतात. हे पाणी टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन त्र्यंबोली देवीच्या पायरीवर ओतायचं. पुढं पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजतंय. आक्कांच्या घागरीला हळदीकुंकू लावलंय, गुलाल चिमूटभर.

मिरवणूक गल्लीतून चढाकडं निघाली. तात्या तेवढे मागं राहिले. त्यांनी चेंबरवरची जाळी उचलली, अडकलेली दोन पानं काढली, जाळी परत बसवली. मग घाटाकडं उतरून, पायऱ्या किती उरल्या ते मोजायला लागले.